मराठा पलटणीच्या कैद्याची डबी आणि तुर्की तारखा

सातारा जिल्ह्यातल्या एका घरातून ही पत्र्याची डबी तपासणीला आली. आत एक पांढरट नाणं, एक पिवळसर नाणं, शाईने लिहिलेली चिठ्ठी आणि एक नोट. "साहेब, सगळं पणजोबांनी तुर्कांच्या कैदेतून आणलंय," असं घरच्यांचं म्हणणं. अशक्य काहीच नव्हतं. पहिल्या महायुद्धात, २९ एप्रिल १९१६ ला, इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेली ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. पण कैद १९१८ च्या अखेरीस संपली. म्हणजे डबीतली प्रत्येक वस्तू त्याआधीची ठरायला हवी.

पांढरं नाणं ४० पाराचं (पारा हे छोटं तुर्की चलन). त्यावर दोन आकडे: १३२७ आणि ८. पहिला आकडा नाणं पाडल्याचा नव्हे, सुलतान पाचवा मेहमद गादीवर आला त्या हिजरी वर्षाचा, म्हणजे १९०९ चा. दुसरा त्याच्या राज्यवर्षाचा. १३२७ मध्ये ८ मिळवून १ वजा केला की हिजरी १३३४ येतं, म्हणजे साधारण नोव्हेंबर १९१५ ते ऑक्टोबर १९१६. पडताळा लोहचुंबकाने घ्यावा. तिसऱ्या ते पाचव्या राज्यवर्षाची ४० पारा नाणी शुद्ध निकेलची, ती चिकटतात. आठव्या-नवव्या वर्षाची तांबं-निकेलची, ती चिकटत नाहीत. हे चिकटलं नाही. तुघऱ्याच्या, म्हणजे सुलतानाच्या नक्षीदार सहीच्या, उजवीकडे आधीच्या नाण्यांवर त्याचं नाव 'रशाद' असतं, इथे युद्धकाळातली 'गाझी' ही पदवी होती. कडेने 'स्वातंत्र्य, समता, न्याय' या अर्थाचे शब्द. १९०८ च्या तरुण तुर्क क्रांतीची घोषणा सुलतानाच्याच नाण्यावर! नाणं कैदेच्या काळाशी जुळलं.

खरी गंमत चिठ्ठीत. तिच्यावरची तारीख १० कानूनसानी १३३२. घरातल्या मुलाने हिजरी समजून इंटरनेटवर हिशेब केला, १९१३-१४ हे कैदेआधीचं साल आलं आणि चिठ्ठी खोटी ठरली. पण कानूनसानी हा हिजरी महिनाच नाही. तो उस्मानी, म्हणजे तुर्की सुलतानाच्या, सरकारच्या रूमी पंचांगातला जानेवारी. हे पंचांग जुन्या ज्युलियन धर्तीचं, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन (इंग्रजी) कॅलेंडरच्या तेव्हा १३ दिवस मागे, आणि वर्ष सुरू व्हायचं १ मार्चला. नुसते ५८४ मिळवले तर १९१६ येतं, तेही चूक. जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या शेपटाला येत असल्याने ५८५ मिळवायचे. वर तो १३ दिवसांचा फरक. उत्तर: २३ जानेवारी १९१७. पणजोबा तेव्हा कैदेतच होते.

याच पंचांगात बनावट कागद पकडायची एक हमखास जागा आहे. १५ शुबात (फेब्रुवारी) १३३२ नंतर थेट १ मार्च १३३३ उजाडला. मधले १३ दिवस सरकारने गाळले आणि तारखा ग्रेगोरियनशी जुळवल्या. त्यामुळे '२० शुबात १३३२' असं लिहिलेला सरकारी कागद कुणी दाखवला, तर पुढे बघायचीही गरज नाही. पुढे १३३३ हे वर्ष दहाच महिन्यांचं झालं आणि १३३४ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं.

आकडे वाचतानाही सांभाळावं लागतं. अरबी लिपीतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, तर तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका.

पिवळ्या नाण्यावर १३४०. हिजरी धरलं तर १९२१-२२, रूमी धरलं तर १९२४. निकाल आकडा देत नाही, चित्र देतं: तुघरा गायब, त्याजागी चंद्रकोर-तारा आणि गव्हाची ओंबी, मजकूर 'तुर्किये जुम्हुरियेती', म्हणजे तुर्की प्रजासत्ताक. सुलतानपद १ नोव्हेंबर १९२२ ला गेलं, प्रजासत्ताक २९ ऑक्टोबर १९२३ ला आलं. म्हणजे १९२४. मुस्तफा कमाल यांच्या सरकारने सत्ता घेतली, पण जुनी कालगणना १९२५ च्या अखेरपर्यंत चालू ठेवली. १ जानेवारी १९२६ पासून साल इसवी सनाचं झालं, लिपी मात्र अरबीच राहिली. म्हणून अरबी आकड्यांत १९२६ लिहिलेली नाणीही सापडतात.

नोट एक लिराची, बैलांनी नांगरणाऱ्या शेतकऱ्याच्या चित्राची. अरबी लिपी पाहून लोक ती सुलतानाच्या काळातली ठरवतात. पण ही मालिका लंडनमध्ये छापली गेली आणि चलनात आली ५ डिसेंबर १९२७ ला. वर्षभरात, १ नोव्हेंबर १९२८ ला, लॅटिन लिपीचा कायदा झाला. दुकानांच्या पाट्या आणि वर्तमानपत्रं काही आठवड्यांत बदलली, नोटा नाही. लॅटिन अक्षरांची नवी मालिका १९३७ पासून येऊ लागली, तोवर नोटांवर जुनी लिपीच होती. एवढी घाई करणाऱ्या सरकारलाही छापलेला पैसा लगेच रद्द करणं परवडत नाही.

तेव्हा पांढरं नाणं आणि चिठ्ठी एका पाकिटात, पिवळं नाणं आणि नोट दुसऱ्यात. दुसऱ्यावर शेरा: '१९२४ आणि १९२७ नंतरचे, कैदेशी संबंध नाही'. घरच्यांनी पिवळं नाणं चिंचेने घासलं होतं, त्यामुळे कडेची अक्षरं पुसट झाली आहेत. असं पुन्हा करू नये. चिठ्ठी आम्लरहित कागदात ठेवली आहे. तिचा मजकूर रिका या धावत्या हस्ताक्षरात असल्याने तो उस्मानी लिपी वाचणाऱ्याकडे पाठवावा लागेल.