एकाच सहीची दोन पत्रं

गोष्ट पाच वर्षांपूर्वीची, पण फाइल अजून कपाटात वरच्या कप्प्यात आहे. यंदा जानेवारीत नागपूर महापालिकेची निवडणूक झाली, उमेदवार दारावर आले आणि मला ती पुन्हा काढावी लागली. तेव्हापासून तो सगळा संताप परत वर आलाय, म्हणून लिहून काढतेय. आपल्या भागातली सायकल लेन कुणाला मोकळी करून घ्यायची असेल तर याचा उपयोग होईल. मला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कामावर सायकलने जाते, अठरा वर्षं झाली. 2020 मध्ये केंद्र सरकारच्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत नागपूर उतरलं, शहरात सायकलींची चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास आमच्या रस्त्यालाही डाव्या कडेने पांढरा पट्टा आणि सायकलचं चित्र आलं. मला इतका आनंद झाला होता की पहिल्या दिवशी मी त्या पट्ट्यातून उगाच दोन चकरा मारल्या. महिनाभरात तिथे कार उभ्या राहायला लागल्या. सकाळी रस्ता रिकामा असतो. संध्याकाळी दुकानं गजबजली की पट्टा दिसतसुद्धा नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रिंग रोडच्या पलीकडून सायकलने येतात. रस्ता सिमेंटचा झाल्यापासून त्याची कड आणि बाजूचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, यांच्यात एक फट आहे, कुठे बोटभर रुंद, कुठे दोन बोटं. लेनमध्ये कार असली की सायकलवाला एक तर उजवीकडे भरधाव गाड्यांत जातो, नाही तर डावीकडे गट्टूंवर उतरतो आणि कार संपली की ती फट तिरपी ओलांडून परत वर येतो. मावशींचं पुढचं चाक त्या फटीत अडकलं. पिशवीतला टिफिन उघडून भाजी रस्त्यावर सांडली होती, आणि त्या एका हाताने दुसरं मनगट धरून कारच्या चाकाला टेकून बसल्या होत्या. मी लॅबमधून येत होते म्हणून दिसल्या. हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर, चार घरची कामं बंद. त्या रात्री मी अर्ज लिहायला बसले.

अर्जाचं फारसं सांगण्यासारखं नाही. महापालिकेच्या आपल्या झोन ऑफिसच्या सहायक आयुक्तांच्या नावाने लिहायचा, दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. फोटो एकच जोडू नका. मी एकाच जागेवरून चौदा दिवस रोज संध्याकाळी सहाला फोटो काढले, त्यामुळे 'त्या दिवशी कुणाकडे लग्न असेल' असं कुणाला म्हणता आलं नाही. अर्ज फेब्रुवारी 2021 मध्ये दिला. मार्चमध्ये शहरात पुन्हा टाळेबंदी लागली, दुसरी लाट आली, आणि लॅबमध्ये आम्हाला दिवस-रात्र कळत नव्हती. जूनपर्यंत मी त्या अर्जाचं नावही काढलं नाही आणि त्याबद्दल कुणाला दोषही देत नाही.

जुलैमध्ये कनिष्ठ अभियंता पाहणीला आले. भला माणूस. सगळं बघितलं, फूटपट्टीने फट मोजली, म्हणाले, "मॅडम, खांब लावता येतील, फट भरता येईल. फक्त नगरसेवकांचं पत्र आणा. पत्राशिवाय साहेब पुढे पाठवत नाहीत."

इथून पुढचे आठ महिने त्या पत्रात गेले.

मला वाटलं होतं हे सगळ्यात सोपं काम असेल. आमच्या प्रभागात चार नगरसेवक. त्यांतल्या एकांनी त्याच वर्षी 26 जानेवारीला सकाळी सायकल रॅली काढली होती. मीही गेले होते. पांढरे टी-शर्ट वाटले, फुगे सोडले, आणि भाऊंनी माइक हातात घेऊन सांगितलं की रस्त्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, दुसरा सायकलवाल्याचा. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते. तो टी-शर्ट घालूनच त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात गेले.

"ताई, तुम्ही काहून चकरा मारून राहिल्या? एक फोन करायचा. तुमचं काम झालंच समजा," भाऊ म्हणाले. पत्र मिळायला पाच चकरा लागल्या. एकदा लेटरहेड संपलं होतं, एकदा टायपिंगवाला पोरगा गावाला गेला होता, दोनदा भाऊ बाहेर. पण ऑगस्टमध्ये पत्र मिळालं आणि मजकूर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला होता. 'सायकलस्वारांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सदर मार्गिका मोकळी करणे अत्यंत आवश्यक आहे.' खाली सही, तिच्यावर तिरका बसलेला शिक्का. मी ते झोनमध्ये दिलं, पोच घेतली, आणि घरी येऊन मावशींना वाचून दाखवलं.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. अभियंता फोन उचलेनात. दिवाळीत लेनमध्ये कारच्या मागे कार होती, आणि मधल्या जागेत पणत्या-रांगोळीचे ठेले. ठेलेवाल्यांवर माझा राग नाही, ते चार दिवसांचे धनी. एरवी मावशी पडल्या ती जागा कारने अडलेली असायची.

नोव्हेंबरमध्ये लॅबमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, माहिती अधिकार टाक. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. माझा पहिला अर्ज दोन पानांचा होता, तो परत आला. दुसरा पाच ओळींचा केला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं. आणि एक गोष्ट चांगली सुचली: नुसत्या प्रती न मागता 'फाइलची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी' असं लिहिलं. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, आणि अख्खी फाइल समोर आली की आपण मागितलाच नसता असा कागदही डोळ्यांना दिसतो.

मला दिसला. माझ्या अर्जामागे भाऊंचं पत्र, आणि त्याच्यामागे भाऊंचं आणखी एक पत्र. तेच लेटरहेड, तीच सही. शिक्क्यातल्या 'प्रभाग' शब्दाचा 'भ' अर्धवट उठायचा, तो दोन्हीकडे तसाच. दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की सदर सायकल पट्ट्यामुळे व्यापाऱ्यांची आणि नागरिकांची गैरसोय होत असून 'नागरिकांच्या तीव्र मागणीनुसार' तो रद्द करून जागा वाहनतळासाठी उपलब्ध करून द्यावी. दोन पत्रांत एकोणीस दिवसांचं अंतर. मी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि किती तरी वेळ नुसती बघत बसले. दोन्हींच्या प्रती घेतल्या, पानाला दोन रुपये. झोनच्या पायऱ्या उतरताना माझे पाय कापत होते.

दुसऱ्या दिवशी थेट भाऊंकडे गेले आणि दोन्ही कागद समोर ठेवले. ते चिडले नाहीत, नाकारलंही नाही. माझ्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाले, "ताई, खरं सांगू का? दुकानदार माझे मतदार आहेत. हे सायकलवाले रोज इथून जातात, पण मत कुठं टाकतात? रिंग रोडच्या पलीकडे. त्यांचं काम त्यांच्या नगरसेवकानं पाहावं ना." मग थोडं थांबून, "रॅलीला मी येतोच ना दरवर्षी."

त्या वाक्याने मला राग आला, पण डोळेही उघडले. सकाळच्या रॅलीतले सायकलवाले प्रभागातले, हेल्मेटवाले, सुट्टीच्या दिवशी अंबाझरी-फुटाळा तलावांवर जाऊन येणारे. संध्याकाळी त्या लेनची ज्यांना गरज आहे ते चौकीदार, दूधवाले, स्वयंपाकाच्या बायका, साइटवरचे मजूर. ते दुसऱ्या प्रभागात राहतात आणि आमच्याकडे फक्त काम करतात. माझ्या नगरसेवकाने हक्काचं भाषण एका प्रकारच्या सायकलवाल्यांसमोर दिलं होतं आणि रस्ता दुसऱ्या प्रकारच्या सायकलवाल्यांचा काढून घेतला होता. तोवर मी 'सायकलवाले' हा एकच शब्द वापरत होते.

मग मी दोन कामं केली. एका संध्याकाळी बंद दुकानाच्या ओट्यावर वही घेऊन बसले आणि जाणाऱ्या प्रत्येक सायकलसाठी एक रेघ मारली. पाच-पाच रेघांचे गठ्ठे, सातच्या आत पान भरलं. दुसरं काम निवेदनाचं. सायकलवाल्यांच्या सह्या घेतल्याच नाहीत, ज्यांच्या घरी ते कामाला येतात त्या लोकांच्या घेतल्या. 'आमच्याकडे येणारी माणसं सुखरूप यावीत' एवढंच वर लिहिलं, आणि प्रत्येक सहीपुढे मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. हे जरूर करा. नुसत्या सह्यांचा कागद नगरसेवक चाळून बाजूला ठेवतात. यादीतले क्रमांक दिसले की बोट लावून वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ते निवेदन घेऊन उरलेल्या तिघांकडे गेले. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. प्रभागात चार नगरसेवक असतील तर चौघांनाही अर्ज द्या, एकावर विसंबू नका. एकाने 'भाऊंनी केलंय ना, मग मी कशाला' म्हणून टोलवलं. एकाने सभेत विषय मांडतो असं सांगितलं, फोटो काढून घेतला आणि पुढे काही केलं नाही. चौथ्या नगरसेविका. त्या कधी रॅलीत नव्हत्या, मी त्यांना सायकलवर कधी पाहिलं नाही, भाषणंही करत नाहीत. त्यांनी निवेदन पूर्ण वाचलं, मावशींचं मनगट आता कसं आहे ते विचारलं आणि हातानेच पत्र लिहून दिलं. दहा मिनिटं लागली. त्यांच्या घरातून बाहेर पडल्यावर मला रडू आलं.

ते पत्र जानेवारी 2022 मध्ये झोनमध्ये दिलं. उत्तर मिळालं, 'परस्परविरोधी पत्रे असल्याने निर्णय प्रलंबित.' वाहतूक शाखेकडे गेले तर तिथे म्हणाले, पट्टा मारला म्हणजे ट्रॅक झाला का, अधिसूचना दाखवा. 2017 च्या वाहनचालन नियमांत सायकल ट्रॅकवर गाडी उभी करायला मनाई आहे, त्याची प्रत मी नेली होती. त्यांनी ती ठेवून घेतली.

आणि मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली. प्रशासक आले, चौघेही माजी झाले. मला वाटलं, गेलं सगळं. सहज म्हणून झोनमध्ये विचारायला गेले की आता कुणाचं पत्र आणू. टेबलावरच्या बाबूंनी वरही न बघता सांगितलं, "आता पत्राची गरज नाही, मॅडम."

मी तिथेच बाकावर बसले. आठ महिने ज्या कागदासाठी घालवले त्याची आता गरज नव्हती. घरी येऊन माहिती अधिकाराचा नवा अर्ज लिहिला, एकच प्रश्न: सायकल मार्गिकेतला अडथळा दूर करण्यासाठी नगरसेवकाचं पत्र कोणत्या नियमानुसार आवश्यक आहे, त्या नियमाची प्रत द्यावी. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, 'माहिती निरंक.' म्हणजे असा नियम त्यांच्या दप्तरी नाहीच. तुम्हाला कुणी पत्र आणा म्हटलं तर हा अर्ज पहिल्या आठवड्यात टाका, माझ्यासारखा शेवटी नको. हातात ते 'निरंक' असतं तर मी भाऊंच्या दारात उभीच राहिले नसते.

'निरंक'ची प्रत जोडून स्मरणपत्र दिलं. मे महिन्यात, नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू व्हायच्या आधीच, फट डांबराने भरली गेली, पट्टा नव्याने रंगवला आणि कडेला प्लास्टिकचे नारिंगी खांब लागले. अभियंत्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. त्या संध्याकाळी मी मावशींबरोबर त्या लेनमधून आले, त्या पुढे आणि मी मागे. त्या एकदाही गट्टूंवर उतरल्या नाहीत.

यंदा निवडणुकीच्या आधी भाऊ दारावर आले. हात जोडले, पत्रक दिलं. पत्रकात सहावा मुद्दा होता, प्रभागात सुरक्षित सायकल ट्रॅक. मी त्यांना थांबवलं, फाइल आणली आणि दोन्ही पत्रं दाखवली. बरोबरची पोरं वाकून वाचायला लागली. भाऊ म्हणाले, "ताई, ते जुनं झालं." मी म्हटलं, मग या पत्रकाच्या मागे लिहून द्या की ही लेन वाहनतळासाठी मागणार नाही, खाली सही आणि तारीख. त्यांनी पेन काढलं, दुकानांच्या दिशेने एकदा पाहिलं आणि म्हणाले, निवडून आलो की पहिलं काम हेच. पेन खिशात गेलं.

पत्रक फाइलमध्ये लावलंय. लेनमधले तीन खांब दिवाळीपासून गायब आहेत आणि मिठाईच्या दुकानासमोर पुन्हा कार उभ्या राहायला लागल्या आहेत. सोमवारी झोनमध्ये अर्ज दिला, सोबत 2022 चं ते 'निरंक' जोडलं. चारही नव्या नगरसेवकांना प्रती दिल्यात आणि प्रत्येकाची पोच घेतलीय.