मागच्या दाराची चौकट

दारव्हा तालुक्यातलं आमचं घर मातीचं, जुनं. मागच्या दाराची सागवानी चौकट इतकी ठेंगणी, की सांदवाडीत जायचं तर वाकावंच लागतं. बाबा सत्तर वर्षं वाकत आले. गेल्या दिवाळीआधी एका पहाटे अंधारात, हातात ढेपेचं घमेलं घेऊन निघाले आणि कपाळ चौकटीवर आदळलं. रक्त नाही, टेंगूळ तेवढं. आईनं हळद लावली. "मले काई नाई झालं," म्हणत ते बैलांकडे गेले.

तीन आठवड्यांनी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटू लागली. चप्पल मागं राहायची आणि त्यांना कळायचंही नाही. कापूस वेचणीचे दिवस, कोणालाच उसंत नव्हती. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. ते आठवलं की अजून झोप उडते.

जीभ अडखळली तेव्हा यवतमाळला नेलं. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, उजवीकडं कवटीच्या आत रक्त साचून मेंदू दाबला गेला होता. डॉक्टरांनी समजावलं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्याच्या आवरणाकडं जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानंही तुटतात. मग रक्त कित्येक आठवडे हळूहळू साचतं. त्यात बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू. कवटीला छिद्र पाडून रक्त काढलं. बाबा आता वावरात जातात.

घरी आल्यावर आधी मिस्त्रीला बोलावलं. चौकट वर घेतली, दाराशी बल्ब लावला. न्हाणीतली गुळगुळीत फरशी काढून खरबरीत बसवली, भिंतीला धरायला पाइप ठोकला.

हेल्मेटचंही तसंच. गावात ते हँडलला लटकतं आणि हायवे आला की डोक्यावर चढतं. पण आमच्या पांदणीतही गाडी घसरतेच, आणि मागं एका बाजूला बसलेली बाई सरळ डोक्यावर पडते. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्यानं लागतंच. आता बायकोसाठी आयएसआय मार्कचं वेगळं घेतलंय. हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय मी किक मारत नाही, कारण सैल हेल्मेट पडताना आधी उडून जातं.

डोक्याला लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, कानातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. झोपू देऊन सकाळची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसांवर पुढचे दोन-तीन महिने नजर ठेवा.

शेजारच्या काकांच्या स्लॅबला अजून कठडा नाही, आणि उन्हाळ्यात सगळी पोरं तिथंच झोपतात. मे लागायच्या आत मिस्त्रीला तिकडं पाठवणार आहे. विटा मी देतो म्हटलंय.