विल्ट विरुद्ध रसेल, पुढचा अपडेट: ब्लॉकचा कॉलम रिकामाच

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधले दोन जुने सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू), विल्ट चेंबरलेन आणि बिल रसेल, यांच्यात मोठा कोण, हे मी एका शीटमध्ये प्रत्येक कॉलमला वजन देऊन ठरवतोय. गाडी पुन्हा त्याच ठिकाणी अडली आहे. विल्ट चेंबरलेनची बाजू जवळपास भरून झाली: 1,045 मॅच, 31,419 पॉइंट्स, 23,924 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), आणि इतक्या मॅचमध्ये एकदाही फाउल-आउट (फाउल जास्त होऊन मॅचबाहेर) नाही. बिल रसेलच्या बाजूला 13 सीझनमध्ये 11 टायटल्स आहेत, सरासरी 22.5 रिबाउंड आहेत आणि मधोमध एक भगदाड आहे. ब्लॉक (अडवलेले शॉट) आणि स्टील (हिसकावलेले बॉल) एनबीएने अधिकृतपणे मोजायला घेतले 1973-74 पासून. रसेल 1969 मध्येच थांबला, विल्ट 1973 मध्ये. कॉलम दोघांचाही रिकामा, पण विल्टचं त्यावाचून अडत नाही. रसेलचं सगळं भांडवलच तिथे आहे.

पेसचं, म्हणजे त्या काळच्या वेगवान खेळाचं, आधी उरकतो. पझेशनच्या (टीमकडे किती वेळा बॉल आला याच्या) फॉर्म्युल्याला ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच चुकलेल्या शॉटचे) आणि टर्नओव्हर (गमावलेले बॉल) लागतात, आणि ते आकडे त्या काळात नोंदलेच जात नव्हते. त्यामुळे सरळ शॉट अटेम्प्ट धरले. 1961-62 मध्ये एकेक टीम मॅचला सुमारे 108 शॉट मारायची, आता 89 च्या आसपास. त्या हिशेबाने विल्टचे त्या सीझनचे 50.4 पॉइंट्स येतात साडेएकेचाळीसवर. तरीही डोळे पांढरेच होतात! हा भाग जमला, यावर आता वाद नको.

डिफेन्ससाठी डिफेन्सिव्ह विन शेअर्स (बचावातून खेळाडूच्या वाट्याला किती विजय येतात त्याचा आकडा) थेट उचल, असं सुचवलं गेलं. त्या यादीत रसेल सर्वकाळ पहिला आहे, म्हणजे माझं काम फत्ते. पण 1973-74 च्या आधीचे ते आकडे बरेचसे टीमच्या कामगिरीवरून बसवलेले अंदाज आहेत. टायटल्स एकदा मोजायची आणि तीच टीम मागच्या दाराने परत आत घ्यायची, हे मला पटत नाही.

म्हणून ‘असताना-नसताना’ पद्धत लावली: खेळाडू टीममध्ये असताना आणि नसताना निकाल किती बदलतात ते बघायचं. सुरुवात झकास झाली. 1968-69 मध्ये रसेल असताना त्याची टीम बोस्टन सेल्टिक्स 48-34 (48 विजय, 34 पराभव), तो गेल्यावर पुढच्याच सीझनला 34-48. आकडे नेमके उलटे! सेल्टिक्सचाच सॅम जोन्सही त्याच वेळी निवृत्त झाला हे धरून थोडं वजन कापलं, तरी निकाल दणदणीत होता.

मग दुसरं टोक लावलं आणि सगळं फिसकटलं. 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमुळे रसेल सीझन सुरू झाल्यावर, डिसेंबरात आला. त्याच्याशिवाय सेल्टिक्स 16-8. तो आल्यावर 28-20. शीटच्या मते रसेलने टीम बिघडवली, आणि त्याच टीमने त्या वर्षी पहिलंवहिलं टायटल मारलं. विल्टकडेही तीच गंमत. 1968 मध्ये तो सिक्सर्स सोडून लेकर्सकडे गेला, त्याच्या बदल्यात लेकर्सचे तिघं सिक्सर्सकडे आले. सिक्सर्स 62-20 वरून 55-27 वर उतरले, लेकर्स 52-30 वरून 55-27 वर चढले. जिथून गेला आणि जिथे गेला, दोन्हीकडे तोच आकडा. यातून काय डोंबल निष्कर्ष काढणार? या कॉलमचं वजन अर्ध्यावर आणलंय.

बरं, ब्लॉक मोजले असते तरी प्रश्न सुटला नसता. रसेल बॉल प्रेक्षकांत भिरकावत नसे, हलकेच टोलवून आपल्याच माणसाकडे द्यायचा आणि तिथून फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) सुरू. बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) दोन्ही ब्लॉक सारखेच दिसले असते.

हे लिहितानाच एक सुचलं. तेव्हा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) कोण हे स्वतः खेळाडू ठरवायचे आणि ऑल-एनबीए टीम (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंची पहिली आणि दुसरी टीम) पत्रकार. 1961-62 मध्ये, विल्टच्या त्या 50.4 वाल्या सीझनला, खेळाडूंनी एमव्हीपी केलं रसेलला. पत्रकारांच्या पहिल्या टीमचा सेंटर मात्र विल्ट, रसेल दुसऱ्या टीममध्ये. रसेलच्या पाच एमव्हीपींपैकी तीन वेळा असंच झालंय: 1958, 1961, 1962. ज्यांचे शॉट अडवले जात होते त्यांचं मत आणि बाहेर बसून बघणाऱ्यांचं मत, यातला हा फरक म्हणजे आपला हरवलेला कॉलमच असावा असं मला वाटायला लागलंय. एमव्हीपी एमव्हीपीच राहू दे, फरकासाठी वेगळा रकाना काढतोय.

शीटऐवजी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा आग्रह धरणाऱ्यांना: आलेख देखणे येतात, मान्य. पण आठवड्याने उघडल्यावर कुठलं वजन का लावलं हे माझं मलाच कळत नाही. साधी शीट बरी, शेजारच्या चौकटीत कारण लिहिता येतं.

आता करिअरचा एकूण स्कोअर बाजूला ठेवून आमनेसामनेच्या मॅच घेतो, प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) धरून 140 हून जास्त. त्यात विल्टची सरासरी 28.7 पॉइंट्स. त्याच दहा सीझनमध्ये सगळ्या टीम्स धरून रेग्युलर सीझनला तो 34.4 वर होता, म्हणजे रसेलने कात्री लावलीच. पण रिबाउंडही 28.7, करिअरच्या 22.9 पेक्षा कितीतरी जास्त. माझा संशय बोस्टनच्या पळापळीवर आहे: जितके शॉट, तितके चुकलेले. प्लेऑफ वेगळे काढल्याशिवाय हे ठरणार नाही. दोघांच्या आठपैकी सात प्लेऑफ सिरीज रसेलच्या, त्यातल्या चार सातव्या मॅचपर्यंत गेल्या, आणि त्या चारही मॅचमधला फरक मिळून 9 पॉइंट्स. या नऊ पॉइंट्सना किती वजन द्यायचं, बोला. मी सध्या शून्य धरलंय, आणि रसेलवाले चिडणार हे माहीत आहे.