मरतात ते फक्त नरच

काकांनी मेलेला गप्पी मासा टिश्यू पेपरात गुंडाळून आणला होता. तीन आठवड्यांतला हा चौथा. सोबत वही होती. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, किती दाणे टाकले, कोण गेलं, सगळं ओळीने लिहिलेलं. असं गिऱ्हाईक आम्हाला वर्षातून एखादंच भेटतं. बाकीच्यांना टाकी किती लिटरची म्हणून विचारलं की ते हवेत हाताने चौकोन काढून दाखवतात.

मी ॲक्वेरियमच्या दुकानात कामाला आहे, बहुतेक वेळ खाद्याच्या फळीपाशी असते. लोकांना वाटतं की दिवसभर रंगीत मासे बघायचे, काय मजा. खरं काम म्हणजे पाणी उपसणं, जाळ्या धुणं आणि ‘कलर कधी येईल?’ या प्रश्नाला तोंड देणं. मासा काय खातो हे फारसं कुणी विचारत नाही. आणि ‘मासे आजारी आहेत’ म्हणून येणारी बहुतेक प्रकरणं शेवटी जास्त खाणं टाकल्याचीच निघतात. उरलेलं खाणं कुजतं, अमोनिया वाढतो, मासे वर येऊन धापा टाकतात.

म्हणून काकांना मी सवयीने पाण्याबद्दलच विचारलं. त्यांनी बाटलीत पाणी आणलं होतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच 7.4. वहीत तापमान रोज 26. एवढं स्वच्छ पाणी तर आमच्या दुकानातल्या टाक्यांतही नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग मासा पाहिला. वरून बघितलं तर डोकं नीट, पण मागे पाठ सुरीच्या धारेसारखी. पोट खपाटीला गेलेलं. पंख शाबूत, अंगावर डाग नाही, खवले उभे नाहीत.

‘खातो का?’ मी विचारलं.

‘खातात तर! मी समोर बसूनच घालतो ना.’

खाऊनही खंगणारा मासा म्हटला की आमच्या धंद्यात डोक्यात पहिल्यांदा येतात जंत, आणि दुसरा येतो माशांचा टीबी. दुकानातल्या सहकाऱ्याने मासा न बघताच काउंटरवरून सांगितलं, ‘जंताचं औषध द्या.’ ते काकांनी आधीच दोनदा दिलेलं होतं, त्यानेच दिलेलं. आमच्याकडे औषधांची फळी नजरेच्या उंचीवर आहे आणि खाद्याची गुडघ्याच्या. हे उगाच नाही.

‘नर नाजूकच असतात हो,’ तो पुढे म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वही पुन्हा उघडली. चारही नर. मी त्यांना सहा नर आणि बारा माद्या दिल्या होत्या. माद्या बाराच्या बारा जिवंत, वर ‘धष्टपुष्ट’ असा शेरा. जंत काय नर-मादी बघून लागतात? टीबी तरी बघेल का?

त्या संध्याकाळी दुकान सुटल्यावर मी त्यांच्याकडे टाकी बघायला गेले.

इथे एक सांगायला हवं. ते खाद्य मीच निवडून दिलं होतं आणि त्या निवडीचा मला अभिमान होता. पाकीट मी उलटं करूनच विकते. पुढच्या चित्रावर कुणीही फसेल, मागे घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं असेल तर पाकीट परत फळीवर. मासळीची भुकटी, कोळंबीची भुकटी, मग स्पिरुलिना म्हणजे शेवाळाची पूड, असं असेल तर पुढे वाचायचं. प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या आसपास. गप्पी मिश्राहारी. निसर्गात तो शेवाळ खरवडतो, किड्यांच्या अळ्या टिपतो, त्यामुळे नुसतं मांसाहारी खाद्य त्याला मानवत नाही. त्याला जठरच नसतं, नुसतं लांब आतडं असतं. म्हणून एकदाच भरपेट घालायचं नाही, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. नराच्या अंगावरच्या केशरी ठिपक्यांत जी कॅरोटिनॉइडं, म्हणजे रंगद्रव्यं असतात ती त्याला स्वतःला बनवता येत नाहीत, शेवाळातून किंवा कोळंबीच्या भुकटीतून मिळवावी लागतात. ‘कलर कधी येईल’चं खरं उत्तर तेवढंच आहे. मोठ्या पोत्यातून काढून पिशवीत भरलेलं सुटं खाद्य मी देत नाही. हवा लागली की त्यातलं क जीवनसत्त्व जातं, मग पाकिटामागे काय काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. मालकांना हे आवडत नाही, कारण नफा सुट्यातच आहे.

तर काकांना दिलेलं पाकीट या सगळ्या चाळणीतून पार झालेलं होतं. तरंगणारे दाणे, गप्पीच्या वर वळलेल्या तोंडाला सोयीचे. पाकिटावर गप्पीचंच चित्र.

टाकी बघून मला लाज वाटली. काच इतकी लख्ख की पाणी आहे की नाही असं वाटावं. शेवाळाचा ठिपका नाही. दर रविवारी काच घासायची, हेही मीच सांगितलेलं. आठ वाजता काकांनी चौदा दाणे मोजून टाकले आणि मोबाइलवर वेळ लावली.

माद्या तुटून पडल्या. नरही आले, दोनच उरले होते. एकाने दाणा तोंडात घेतला. सोडला. परत घेतला. परत सोडला. लांबून बघणाऱ्याला वाटेल, खातोय. मी काचेला नाक लावून मोजत होते. तोच दाणा त्याने सात वेळा घेतला आणि सात वेळा टाकला. दुसरा दोन-तीनदा प्रयत्न करून मादीपुढे शेपटी फुलवायला गेला. नरांचा निम्मा दिवस तसाही त्यातच जातो.

मोबाइल वाजला. काकांनी जाळी घातली आणि उरलेले दाणे अलगद काढून घेतले.

‘दोन मिनिटं,’ ते म्हणाले. ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे.’

दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला, उरलेलं काढून टाका. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलत असेन! बरोबरच आहे ते. त्याने अगणित टाक्या वाचल्या असतील. पण कडक दाणा पाण्यात मऊ व्हायला दोन मिनिटं पुरत नाहीत. मी एक दाणा मागून घेतला आणि त्यांच्या टेबलावरच्या पट्टीवर ठेवला. दोन मिलिमीटर, थोडा जास्तच. मादी सहा सेंटिमीटरपर्यंत वाढते, तिला तो गिळता येतो. नर तिच्या निम्मा. त्याच्या तोंडाला एक मिलिमीटरच्या आतलं लागतं.

मग मला दुसरं कोडं पडलं. हेच पाकीट मी कितीतरी जणांना दिलं होतं. त्यांचे नर का नाही मेले?

परत येताना रस्त्यात उत्तर सुचलं आणि मी चालता चालता थांबलेच. कारण त्यांच्यातलं कुणीच माझं ऐकत नाही. ते दाणे टाकून टीव्ही बघायला जातात. दाणा तासभर तरंगतो, फुगतो, भुगा होतो, नर सावकाश टिपून खातात. काच हिरवी झालेली असते, तीही खरवडतात. निष्काळजी लोकांच्या टाक्यांत नर जगले. सांगितलेलं प्रत्येक वाक्य पाळणाऱ्या एकट्या माणसाच्या टाकीत ते उपाशी मेले, दिवसातून दोनदा, जेवायला बसवून.

त्या रात्री निघण्याआधी मी दाणे चमच्याच्या पाठीने ठेचून चिमूटभर पूड टाकली होती. दोन्ही नर असे धावले की मला बघवेना. दुसऱ्या दिवसापासून बारीक खाद्य, तीनदा, एक वेळ वाफवलेल्या पालेभाजीचा बारीक चोथा, आणि मागची काच न घासता तशीच सोडायची. एक नर सावरला. काही आठवड्यांनी त्याचा केशरी ठिपका परत भरून आला. दुसरा चौथ्या दिवशी गेला. तो भुकेने गेला की दोनदा दिलेल्या त्या औषधाने, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘सांगितलं होतं ना, नर नाजूक असतात.’

नर नसले तरी वंश बुडण्याची भीती नव्हती. गप्पीची मादी शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि साधारण महिन्याला विते. त्या टाकीत पिल्लं आधीही झालीच असणार. पण आयांनीच खाल्ली असतील, आणि वाचलेल्यांच्या तोंडात तो दाणा जाणं शक्यच नव्हतं. या वेळी काकांनी पिल्लं वेगळी काढली. पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, अंडी मिठाच्या पाण्यात कशी उबवायची ते मी त्यांना दाखवलं. साधारण 27 अंशाला, बुडबुडे सोडून, दिवसभरात आर्टेमियाची पिल्लं फुटतात. दिवा लावला की ती सगळी उजेडाकडे गोळा होतात, मग नळीने ओढून घ्यायची. काका ते बघून लहान मुलासारखे हसले. त्याचीही नोंद वहीत गेली.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. दाणा मोठा होता, हे सांगितलं. दोन मिनिटांचं नाही सांगितलं. नव्या खाद्याला पाच मिनिटं द्या, एवढंच म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही, लिहून घेतलं.

मग त्यांनी मागचं पान उलटलं. मेलेल्या नरांपुढे ‘कारण’ असा रकाना होता, पाचही ओळींत प्रश्नचिन्हं.

‘पाकिटावर तर गप्पीचंच चित्र आहे हो,’ ते म्हणाले. ‘मग दाणा मोठा कसा?’

‘कंपनीची चूक,’ मी म्हटलं.

त्यांनी पाचही प्रश्नचिन्हं पट्टी धरून खोडली आणि पाच वेळा ते लिहिलं.