चौथा चरण आखूड का असतो?

वृत्तांचा धडा सुरू झाला की पहिल्याच दिवशी ‘यमाताराजभानसलगा’ हे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, लक्षात ठेवण्याचे सूत्र फळ्यावर येते आणि पुष्कळ मुलांचा कवितेतला रस तेथेच आटतो. गण निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. पण गोव्यात ज्याचे लहानपण देवळातल्या भजनांत गेले आहे, त्याच्या कानाला अभंगाची लय आधीच ठाऊक असते, तेव्हा मोजणीची सुरुवातही अभंगापासूनच व्हावी.

तुकारामांचे ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां’ हे चरण पाहावेत. ‘सुंदर ते ध्यान’ 6 अक्षरे, ‘उभे विटेवरी’ 6, ‘कर कटावरी’ 6 आणि ‘ठेवोनियां’ 4, अशी एकूण 22 अक्षरे होतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते. येथे लघु-गुरूचा, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचा, भेद नाही, प्रत्येक अक्षराचे वजन सारखेच. नवशिक्याची गल्लत होते ती उच्चारात, कारण बोलताना आपण ‘सुंदर्’, ‘ध्यान्’ आणि ‘कर्’ असे शेवटचे अक्षर तोडतो, आणि त्या हिशेबाने पहिला चरण 4 अक्षरांचा व तिसरा 5 अक्षरांचा भरतो. अभंगात मात्र ‘न’ आणि ‘र’ पूर्ण म्हणावे लागतात.

आता तो आखूड चौथा चरण. त्यात 2 अक्षरे कमी असली, तरी टाळाचा ठेका त्यांच्यासाठी थांबत नाही; गाणारा शेवटचे अक्षर लांबवतो किंवा श्वास घेतो आणि 24 ची चाल पुरी होते. ही मोकळी जागा रचनेचाच भाग आहे, आणि मला तर अभंगाचे सारे सौंदर्य तेथेच साठलेले वाटते.

ग्रंथांतली ओवी याहून सैल असते. 1616 साली गोव्यातल्या राशोल येथे छापलेल्या क्रिस्तपुराणात, म्हणजे जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्स यांच्या मराठी काव्यात, ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कि रत्नांमाजि हिरा निळा । तैसी भासांमाजि चोखळा । भासा मराठी’ ही प्रसिद्ध ओवी आहे. तिची अक्षरे अनुक्रमे 11, 9, 9 आणि 5 भरतात. संख्या बदलते, पण पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्याचे यमकाविना आखूडपण ठरलेले असते. परक्या भाषेत वाढलेल्या माणसाने हे वळण इतके आत्मसात करावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

मात्रावृत्तात अक्षरे न मोजता मात्रा, म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ, मोजतात; लघूची 1 आणि गुरूची 2 मात्रा धरून बेरीज करायची असते. पादाकुलकाच्या चरणात अशा 16 मात्रा येतात.

अक्षरगणवृत्ताकडे, म्हणजे गणांचा क्रम ठरलेल्या वृत्ताकडे, एवढे झाल्यावर वळावे. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे प्रत्येक चरणात चार यगण (एक लघु, मग दोन गुरू), 12 अक्षरे. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ याची फोड ‘गणाधी । शजोई । शसर्वां । गुणांचा’ अशी होते, आणि गणाची सीमा दोनदा शब्दाच्या मधोमध पडते. शाळेतल्या पाठांतरात मुले नेमकी याच सीमांवर आपटत जातात आणि अर्थाचा चुराडा होतो. रेघा मारायच्या त्या वहीत; म्हणताना ‘गणाधीश जो’ इथवर एका दमात यावे, यगणाची लय आपोआप खालून चालत राहते.