सहा घमेली

महोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा मी बोटीवर होतो. मुलीने त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. ‘शाळेने आपल्याला काय दिले, याविषयी थोडक्यात लिहावे.’ थोडक्यात लिहायचं तर बाईच मावत नाहीत, तेव्हा बाकीच्या गुरुजनांची आधीच माफी मागतो. गणिताच्या सरांनी मला दोनदा वर ढकललं, त्यांचे उपकार आहेतच. पण लिहिणार मी इतिहासाच्या बाईंवर. नाव घालत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे आमच्या आगेमागे असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

नववी ब, वरच्या मजल्यावरची चिंचेकडची खोली. फळ्याशेजारी खिळ्याला जगाचा कापडी नकाशा टांगलेला असायचा आणि त्यात आफ्रिकेच्या खालच्या टोकाला भोक होतं. ते बाईंच्या छडीने पाडलेलं. दर वर्षीच्या नववीला त्या तिथेच छडी टोचून सांगायच्या, “इथे वळायचं!”

पोर्तुगालहून आफ्रिकेला वळसा घालून भारतात आलेल्या वास्को द गामाच्या त्या धड्याला पुस्तकात जेमतेम दोन पानं होती. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गाच्या शोधाला लागले. बाई म्हणायच्या, पेपरात हेच लिहा, मार्क मिळतील. मग पुस्तक मिटून सांगायच्या, की मार्ग काही बंद पडला नव्हता. व्हेनिसचे व्यापारी त्यानंतरही अलेक्झांड्रियाच्या बाजारात मिरी घेतच होते. पोर्तुगालला ही मधली दलाली नको होती. “दलाल म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगू? आंबा कुणाचा आणि पैसा कुणाचा, घरी विचारा.” वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी बागा होत्या. तो धडा आम्हाला तेवढ्यात कळला.

गामाचं धाडस कुठलं, यावरही त्यांचं मत ठाम होतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीपासून इकडे यायला त्याला वाटाड्या मिळाला होता, मोसमी वारा पाठीशी होता, २३ दिवसांत मलबारचा किनारा दिसला. असं येणं-जाणं अरबांचं आणि गुजरात्यांचं कित्येक शतकं चालू होतं. धाडस होतं ते अटलांटिकमध्ये. आफ्रिकेचा किनारा सोडून भर समुद्रात भलामोठा वळसा घ्यायचा, वारा सापडेपर्यंत. कोलंबसाला कॅनरी बेटं सोडल्यावर ३६ दिवसांनी जमीन दिसली. गामाची माणसं तीन महिने नुसतं पाणी बघत होती.

आता घमेल्यांकडे येतो.

त्या वर्षी गॅदरिंगसाठी बाईंनी ‘झामोरिनचा दरबार’ बसवायला घेतला. झामोरिन म्हणजे कालिकतचा राजा. २० मे १४९८ ला गामाची जहाजं कालिकतजवळ लागली, त्यानंतरचा प्रसंग. मी गामा. वर्गात सगळ्यांत काटकुळा मीच, त्यामुळे ‘गामा पैलवान’ हे नाव त्याच दिवशी चिकटलं ते आजतागायत सुटलेलं नाही. गामाबरोबरच्या एका माणसाने रोजनिशी लिहून ठेवली आहे. तिच्यात राजासाठी काढलेल्या भेटीची यादी आहे आणि ती बाईंना तोंडपाठ होती. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तागे, चार लाल कुंच्या, सहा टोप्या, पोवळ्यांचे चार सर, हात धुवायची सहा भांडी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन आणि मधाची दोन पिंपं.

टोप्या गांधी टोप्या झाल्या. कुंच्या धाकट्या भावंडांच्या आणल्या. हात धुवायची भांडी मिळेनात. तेव्हा प्रयोगशाळेचं बांधकाम चालू होतं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघांनी तिथली सहा घमेली खडी ओतून उचलली आणि वर आणली. घमेलं हा शब्दही पोर्तुगिजांचाच, हे कळल्यावर बाई भलत्याच खूश झाल्या होत्या, त्यामुळे कुठून आणली हे त्यांनी विचारलं नाही.

मी यादी वाचत ‘हात धुवायची सहा भांडी’पर्यंत आलो आणि दारात मुकादम. अंगावर सिमेंट, चेहरा लाल. आमची तर बोबडीच वळली. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “या. बसा. मला एक सांगा, परदेशातून पाहुणा आलाय, राजाला भेटायचंय, ही एवढी भेट आणलीय. चालेल?” मुकादमाने एकेक वस्तू नीट पाहिली. मग म्हणाला, “राजाला घमेली? बाई, आमचा ठेकेदारसुद्धा घ्यायचा नाही.”

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी आम्हाला सांगितलं, की कालिकतलाही असंच झालं होतं. भेट तपासायला आलेले राजाचे अधिकारी हसले आणि म्हणाले, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो. द्यायचंच तर सोनं द्या. मुकादमाला आपण बरोबर बोललो याचं काय समाधान वाटलं! तो शेवटपर्यंत बाकावर बसून राहिला.

पुढचा प्रवेश राजाचा. दुसऱ्या दिवशी झामोरिनने गामाला विचारलं, हेही रोजनिशीत आहे : तू काय शोधायला आलास, दगड की माणसं? माणसं शोधायला आला असशील, तर काहीच कसं आणलं नाहीस? आमचा राजा हे वाक्य दर वेळी विसरायचा, पण त्या दिवशी त्याने ते स्वच्छ म्हटलं. आता माझी पाळी. माझ्या वहीत त्या जागी बाईंनी ओळ कोरी ठेवली होती. “उत्तर तुझं तू दे.” मी उभाच राहिलो. शेवटी मुकादम म्हणाला, “बोल की रं!” आणि तास संपल्याची घंटा झाली.

जाताना बाई एवढंच म्हणाल्या, “ज्याला हसतात तो परत येतो तेव्हा काय करतो, ते उद्या.” दुसऱ्या दिवशी त्यांनी १५०२ सांगितलं. गामा आरमार घेऊन परत आला. मक्केच्या यात्रेहून परतणारं एक जहाज त्याने अडवलं, माल काढून घेतला आणि बायकामुलांसकट शेकडो माणसं असलेलं ते जहाज पेटवून दिलं. नंतर कालिकतवर तोफा डागल्या. बाईंनी आवाज चढवला नाही, छडीही हातात घेतली नाही. काल माझ्या अंगावर गामाची झूल होती. त्या दिवशी मला कुणी पैलवान म्हणून हाक मारली तर मी ओ दिली नाही.

गॅदरिंगला नाटक झालंच नाही. वेळ पुरला नाही असं कारण मिळालं.

बाकीच्या पोर्शनला बाई वेगाने पळवायच्या. पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग फुटला तेव्हा आत सात कैदी होते आणि त्या दिवशी राजा सोळाव्या लुईने शिकारीच्या रोजनिशीत ‘काही नाही’ असं लिहिलं, हे सांगून झालं की पुढचा धडा. हैतीचं पुस्तकात नावही नव्हतं, पण त्यासाठी त्यांनी शनिवारचा जादा तास घेतला. ‘सर्व माणसे समान’ असं पॅरिसमध्ये १७८९ ला लिहिलं गेलं. ते फ्रान्सच्याच ताब्यातल्या हैतीतल्या उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांनी खरं धरलं, १७९१ ला उठले आणि १८०४ ला स्वतंत्र झाले. वाफेच्या यंत्राचा शोध जेम्स वॉटने लावला, या वाक्यावर त्यांनी आम्हाला पेन्सिलीने काट मारायला लावली. न्यूकोमेनचं यंत्र १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसत होतं. वॉटने १७६९ ला पेटंट घेतलं ते वेगळ्या कंडेन्सरचं. कंडेन्सर म्हणजे काय, हे विचारायला त्यांनी मला चिठ्ठी देऊन विज्ञानाच्या सरांकडे धाडलं. मी मरीन इंजिनिअर झालो याचं मूळ त्या चिठ्ठीत आहे, असं मी सगळीकडे सांगतो. सर हयात आहेत, त्यांनी राग मानू नये.

चीफ इंजिनिअरचं तिकीट मिळालं तेव्हा बाईंना कळवलं होतं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं : ‘अभिनंदन. लिंबू खात जा.’ परतीच्या वाटेवर हाच अरबी समुद्र ओलांडायला गामाला तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले. वारा नव्हता, असला तर उलटा. लिंबासारखं ताजं फळ पोटात नाही म्हणून हिरड्या सुजून तीस माणसं मेली. जहाज चालवायला माणसं उरली नाहीत म्हणून पुढे एक जहाज स्वतःच जाळावं लागलं. आज तेवढं अंतर आमची बोट आठवड्याभरात कापते आणि फ्रीजमध्ये लिंबं असतात. तरी ते कार्ड माझ्या केबिनमध्ये आहे.

बाई गेल्या तेव्हा मी ब्राझीलच्या बाजूला होतो. बातमी पाच दिवसांनी कळली. त्याबद्दल लिहीत नाही.

मधे तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी सुएझ सोडून बोटी पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. दहा-बारा दिवस जास्त, तेल जास्त. २०२४ च्या जानेवारीत आमचीही बोट तिकडून गेली. वॉच संपवून डेकवर आलो तर डाव्या हाताला लांबवर केपचे दिवे दिसत होते. बरोबरच्या पोरगेल्या कॅडेटला म्हटलं, “इथे वळायचं.” त्याला वाटलं, मी ब्रिजवरचं काही सांगतोय.

गेल्या सुट्टीत शाळेत येऊन गेलो. नवी इमारत छान आहे. चिंच तोडली, ते नको होतं. इतिहास आता प्रोजेक्टरवर शिकवतात आणि नकाशा कुठे गेला, हे कुणालाच माहीत नव्हतं. समितीने देणगीचंही विचारलं आहे, तर जगाचा मोठा कापडी नकाशा पाठवतो आहे. तो भिंतीला चिकटवू नका. खिळ्यालाच टांगा आणि पोरांचा छडी धरलेला हात आफ्रिकेच्या खालच्या टोकापर्यंत पोचेल इतपत खाली टांगा.