दोन भिंतींमधलं मीठपाणी
तीन आठवड्यांनी आज माझ्या संगणकीय प्रतिरूपाचा (सिम्युलेशनचा) आलेख अपेक्षित रेषेशी जुळला! दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतरावर दोन भिंती, मध्ये ०.१ मोलर (लिटरमागे साधारण सहा ग्रॅम मीठ) मीठपाणी, आणि सतत दिशा बदलणारं विद्युतक्षेत्र. क्षेत्राची दिशा सावकाश पालटली की मिठातले विद्युतभारित कण, म्हणजे आयन, हलतात: सोडियम एका भिंतीकडे, क्लोराइड दुसरीकडे सरकतं. भिंतीलगत जेमतेम एक नॅनोमीटरचा थर जमतो आणि मधल्या पाण्यापर्यंत क्षेत्र फारसं पोचतच नाही. पण आवर्तन, म्हणजे दिशा पालटून पुन्हा पहिल्यासारखी व्हायचा काळ, नॅनोसेकंदाहूनही (सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही) लहान केलं, की आयन निघेनिघेपर्यंत दिशा पालटलेली. थर जमतच नाही.

चूक माझीच होती. सुरुवातीची अस्थिर आवर्तनं मी सरासरीत धरत होते. ती वगळली आणि ठिपके रेषेवर येऊन बसले. दादरला गाडी बदलताना फोनवर तोच आलेख पुन्हा पाहिला, डोळे भरून आले. उद्या भिंती पाच नॅनोमीटरवर आणते.